शेजारासाठी केलेली पाखरं

मांडवीच्या अलीकडे, वस्तीतच, आमचा गणपतीचा कारखाना आहे. कारखाना म्हटलं तरी पत्र्याची एक लांबट पडवी, भिंतीला लागून फळ्या आणि दोन्ही अंगांनी येणारा समुद्राचा वारा. तो सासऱ्यांनी उभा केला. त्यांना घरात-दारात सगळे आबा म्हणतात. नवरा नोकरीला मुंबईत, गणपतीला येतो. त्यामुळे माती, साचे, रंग हे सगळं आबा आणि मी बघतो. आबा मूर्ती घडवतात, मी रंगवते. डोळ्यांची आखणी तर पूर्ण माझ्याकडे. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या वर्षी आबांनी बारीक ब्रश माझ्या हातात दिला आणि पुन्हा कधी परत मागितला नाही.

भाद्रपद सरला की पडवी रिकामी होते. दिवाळीनंतर अशाच एका दुपारी मी ब्रश धुऊन वाळत घालत होते, आबा रबरी साच्यांना पावडर लावून ठेवत होते, तेव्हा ती मुलगी आली. पाठीवर सॅक, चेहरा उन्हाने रापलेला. पुण्याकडची होती, समुद्रपक्ष्यांचा अभ्यास करत होती. रत्नागिरीच्या स्टँडवर एस.टी.तून उतरून विचारत विचारत आली होती.

"आबा, पाखरं करून द्याल का?" तिने सरळ विचारलं.

"कसली? मोर? हंस?" आबांना वाटलं, गणपतीचं आसन हवं असेल.

तिने फोनवर फोटो दाखवला. पांढरं अंग, राखी पाठ, काळी टोपी, मागे विस्कटलेला तुरा, लांब पिवळी चोच.

"ही तर होडीच्या मागनं येतात ती," आबा म्हणाले. "मासळीवर."

"तीच. तुरेवाला सुरय म्हणतात त्यांना. अशी पुष्कळ करायची आहेत. खऱ्याएवढी, खऱ्यासारखी."

"आणि घेनार कोन ती?"

"पाखरंच घेतील, आबा. घेतली तर."

आबांनी साचा खाली ठेवला. मी चहा ठेवायला आत गेले, आणि चहा होईपर्यंत ती जे सांगत होती ते ऐकत दारातच उभी राहिले.

मांडवीच्या जेटीवरून आभाळ स्वच्छ असलं की दूर एक खडक दिसतो. समुद्रात जाणारी माणसं त्याला पांढरा खडक म्हणतात, पण आहे तो काळाच. मी लग्न होऊन आल्यापासून काळाच बघितलाय. त्याला पांढरा का म्हणतात हे मला त्या दुपारी कळलं. पूर्वी त्यावर ही पाखरं दाटीवाटीने अंडी घालायची आणि त्यांच्या विष्ठेने अख्खा खडक पांढरा व्हायचा. मग गळ टाकायला, सहलीला लोक होड्या नेऊन तिथे उतरू लागले. माणूस आला की पाखरं उठायची, आणि ती उठली की तेवढ्यात कावळे नि घारी अंडी पळवायच्या. दोन-चार हंगाम असे गेले आणि पाखरं आलीच नाहीत. आता तिथे उतरायला बंदी आहे, खडक मोकळा आहे, पण पाखरं काही परतली नाहीत.

"गेली कुठे मग? मेली?" मी विचारलं.

"तेच तर कळत नव्हतं, ताई," ती म्हणाली. "एक खडक रिकामा झाला म्हणून पाखरं संपली असं नाही, आणि दुसरा भरला म्हणून वाढली असंही नाही. ही एका खडकावरून दुसऱ्यावर जातात. इथली बरीचशी दक्षिणेला एका खडकावर गेली. तिथे इतकी गर्दी आहे, की बघणाऱ्याला वाटावं, छान चाललंय यांचं. पण सगळे खडक फिरून मोजलं की कळतं, दर हंगामाला कमीच होतायत. आणि तो दक्षिणेचा खडक एका अंगाला बुटका आहे. मोठी लाट आली की ती बाजू धुऊन निघते."

"मग या मोकळ्या खडकावर का येत नाहीत?"

"कारण इथे कोणी नाही. ही पाखरं जागा बघून घर करत नाहीत, शेजार बघून करतात. अंडं एकच, तेही उघड्या कातळावर. थोडी असली तर कावळ्यापुढे टिकत नाहीत. म्हणून उडता उडता खाली बघतात. खाली आपल्यातली बसलेली दिसली तरच उतरतात."

आबा बराच वेळ फोटोकडे बघत होते. मग म्हणाले, "बंद घरांच्या वाडीत कोन बिऱ्हाड करतो? एका घरात दिवा दिसला तर दुसरा येतो." आणि फोन तिच्या हातात परत देत म्हणाले, "करूया. पन मला हे पाखरू सगळ्या बाजूंनी बगायला लागेल."

पुढचे दोन पंधरवडे आमच्या पडवीत नुसते फोटो आणि व्हिडिओ. ते पाखरू पुढून कसं दिसतं, वरून कसं दिसतं, मान आखडल्यावर गळ्याला वळी कशी पडते. आबांनी आधी पांगाऱ्याच्या मऊ लाकडात एक पाखरू कोरलं, त्यावरून रबरी साचा काढला आणि सिमेंटमध्ये काथ्या घालून ओतलं. शाडू खाऱ्या पाण्यात टिकला नसता आणि प्लास्टरही नाही. सिमेंटचं पाखरू वजनदार झालं, वाऱ्याने हलणार नाही असं.

रंगवायला माझ्यासमोर आलं तेव्हा मी अडखळले. मला डोळाच सापडेना. माझं सगळं कसब डोळ्यात. पाच-सहा रेषांत नजर आणायची, समोर उभ्या राहणाऱ्याला वाटलं पाहिजे की देव माझ्याकडेच बघतोय. आणि या पाखराचा डोळा काळा, तोही काळ्या टोपीच्या आत. लांबून दिसतच नाही. मी हौसेने त्यात पांढरा ठिपका टाकला, कडेने बारीक रेघ काढली. पाखरू एकदम माणसासारखं बघायला लागलं.

ती मुलगी हसली. "ताई, फार सुंदर आहे. पण याला बघून खरी पाखरं घाबरतील."

मी डोळा पुसला आणि सगळं डोकं काळं केलं. इतक्या वर्षांत डोळा न काढता मूर्ती पुरी झाली असं पहिल्यांदाच म्हटलं. आश्चर्य म्हणजे पडवीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघितलं तर पाखरू जिवंत वाटत होतं. चमक नको म्हणून रंगात पावडर मिसळली. फळ्यांवर, जिथे गणपती बसायचे तिथे, सगळीकडे पाखरं बसली. शेजारपाजारचे येऊन बघून जात. "आबा, यंदा विसर्जन कधी?" असं एकाने विचारलंही.

महाशिवरात्रीच्या सुमाराला ती खडकावर न्यायची ठरली. मुलीने परवानग्या काढल्या होत्या. होडी बंदरावरच्या एका नाखव्याची. तो तरुणपणी आखातात बोटींवर होता, घरच्यांसाठी परत आला आणि इथे मासेमारी करू लागला. पाखरं गोणपाटात गुंडाळून त्याच्या होडीत रचली तेव्हा तो म्हणाला, "आबा, आयुष्यात बरंच काही वाहिलं, पण दगडाची पाखरं पहिल्यांदा."

आबांना घरी राहा म्हटलं तर ऐकेनात. "मी केलेली मूर्ती कुठे बसते ते मी बघनार." गुडघे दुखत होते तरी आले.

मी रत्नागिरीत इतकी वर्षं राहिले, पण त्या खडकापर्यंत कधी गेले नव्हते. जेटीवरून तो बोटाच्या पेराएवढा दिसतो. जवळ गेलो तसा तो वर वर येत गेला, आणि शेवटी त्याच्या सावलीत होडी आली तेव्हा मला मान वर करून बघावं लागलं. खाली लाट आत घुसायची आणि कुठल्याशा भेगेतून मोठा श्वास सोडल्यासारखी बाहेर यायची. नाखव्याने आडोशाची बाजू धरली, लाट वर उचलते ती वेळ साधून आम्हाला एकेक करून उतरवलं. आबांना तर काखेत धरूनच.

माथ्यावर सपाट कातळ होता. काही नव्हतं तिथे. गवताची काडी नाही, किडामुंगी नाही, नुसता वारा. पण मुलीने वाकून एका खोबणीतून काहीतरी उचललं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. अंड्याच्या कवचाचा तुकडा, नखाएवढा, त्यावर तपकिरी नक्षी. कधीचा कोण जाणे. इतक्या पावसाळ्यांनंतर तो तिथे होता. मी त्या नक्षीकडे बघतच राहिले. मी ब्रशने अशी रेघ ओढायची म्हटलं तर जमली नसती.

पाखरं मांडली. आबांनी सगळ्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला केली, म्हणजे कुठूनही येणाऱ्याला चेहरा दिसेल. मधे सौर पट्टीवर चालणारा भोंगा बसवला. त्यातून दक्षिणेच्या खडकावर टिपलेला पाखरांचा कलकलाट सुरू झाला. त्या रिकाम्या जागी तो आवाज ऐकून मी मागे वळून बघितलं.

पहिल्या हंगामात कोणी आलं नाही.

अगदीच नाही असं नाही. एक आलं. शिमग्यानंतर एका सकाळी आम्ही होडीतून लांबून बघत होतो तेव्हा एक सुरय खडकावर फिरू लागला. दोनदा फेरी मारली, हवेत थबकला, कर्कश ओरडला. भोंग्यातून उत्तर गेलंच. तो आणखी खाली आला, आणि मग वळून दक्षिणेकडे निघून गेला.

"एकटं होतं," आबा म्हणाले. "एकट्याला धीर नाय झाला."

वैशाखात आम्ही पाखरं परत आणली. काहींचे रंग उडाले होते, एकाची चोच तुटली होती. ती पडवीच्या कोपऱ्यात रचली आणि आम्ही गणपतींना लागलो. आबा त्या वर्षी कमी बोलत होते. पण गौरी-गणपती झाले आणि ती मुलगी पुन्हा आली तेव्हा त्यांनीच आधी विचारलं, "काय चुकलं गो आपलं?"

ती दक्षिणेच्या खडकाचे फोटो घेऊन आली होती. तिघं पुन्हा पुन्हा बघत बसलो. आबांच्या लक्षात आलं की सगळी उभी नाहीत. कितीतरी पोट टेकून बसलेली आहेत, काही मान ताणून भांडतायत. तिच्या लक्षात आलं की सगळ्यांच्या चोची एकाच दिशेला आहेत, वाऱ्याकडे. आणि मला दिसलं की दोन पाखरांमधलं अंतर सगळीकडे सारखं आहे. दोघांनी चोची पुढे केल्या तर टोकाला टोक लागेल न लागेल एवढं. आम्ही त्यांना फळीवरच्या गणपतींसारखं ऐसपैस बसवलं होतं.

आबांनी आणखी दोन साचे केले, एक बसलेल्याचा, एक मान उंचावलेल्याचा. त्या हिवाळ्यात आम्ही पाखरं दाटीने मांडली, वाऱ्याकडे चोची करून, मधे मधे मोकळी जागा ठेवून. माथ्याच्या मागच्या टोकाला मुलीने खडकाच्या रंगाच्या कापडाचा एक आडोसा बांधला. कातळाच्या उंचवट्यामागून वाकून, कोणाला न दिसता, त्यात जाता येई.

शिमगा झाला. आणि एका सकाळी मुलीचा फोन आला. तिला नीट बोलताही येत नव्हतं. "ताई, या. आज या. आबांनाही आणा."

आडोशात दोघांपुरतीच जागा. आबा म्हणाले, "आधी तू जा." ते नाखव्याबरोबर होडीत थांबले.

मी फटीला डोळा लावला आणि प्रथम मला आमचीच पाखरं दिसली. मग त्यातलं एक हललं. मग दुसरं. मी रंगवलेली कुठली आणि खरी कुठली हे मला कळेना. मी, जिच्या हाताखालून प्रत्येक पाखरू गेलं होतं! हळूहळू नजर बसली. खरी थोडीच होती, पण होती. वारा त्यांचे तुरे विस्कटत होता. वरून आणखी येत होती, पाय खाली सोडून, पंख मागे घेत, अलगद.

त्यातला एक नर चोचीत चांदीसारखा मासा घेऊन उतरला. पंख थोडे खाली सोडलेले, मान उंच, तुरा उभा. मिरवत मिरवत तो चालत आला आणि आमच्या एका पाखरासमोर उभा राहिला. शेपटीवर माझ्या ब्रशचा ओघळ राहिला होता, त्यावरून मी ते ओळखलं. त्याने मासा पुढे केला. सिमेंटचं पाखरू काय घेणार? त्याने मासा पाखराच्या पायाशी ठेवला. थोडा मागे सरला. वाट बघितली. पुन्हा उचलला, पुन्हा मान झुकवून पुढे केला. मला हसू येत होतं आणि डोळ्यात पाणीही. माझ्या शेजारी मुलगी श्वास रोखून बसली होती. एवढ्यात बाजूलाच एक खरी मादी उतरली. नराने मान वळवली, एक पाऊल तिच्याकडे टाकलं, आणि तिने तो मासा घेतला.

होडीत परतल्यावर मी आबांना सांगितलं.

"म्हनजे फसवलं आपण त्याला," आबा म्हणाले.

"नाही आबा. त्याला बायको मिळाली."

नाखवा इतका हसला, की होडी डुलली. मग आबा आडोशात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. शेवटी होडीत परतले. किनाऱ्याला लागेपर्यंत आपले दोन्ही तळवे उलटेसुलटे करून बघत बसले होते.

त्यानंतर संधी मिळेल तशी मी जात राहिले. मोकळ्या ठेवलेल्या जागा भरल्या. आमच्या पाखरांच्या मधोमध अंडी आली, प्रत्येकाची नक्षी वेगळी. एका मादीला आमचं पाखरू आपल्या फार जवळ बसलंय असं वाटे. ती बसल्या बसल्या त्याच्या गालावर टोचे मारी. त्याचा रंग खरवडून निघाला तरी तिचा राग जाईना. मुलगी दुर्बिणीतून पायांकडे बघत असे. काहींच्या पायांत कडी होती. ती पिल्लं असताना दक्षिणेच्या खडकावर त्यांना तिच्याच सोबत्यांनी घातली होती. म्हणजे ही तिथली, इथे आलेली. एकाच्या पायातलं कडं मात्र वेगळ्या रंगाचं होतं, त्यावरची अक्षरं तिच्या ओळखीची नव्हती. तिने फोटो काढला आणि कुठे कुठे पाठवून दिला.

पण तिला एक काळजी होती, ती तिने एकदा बोलून दाखवली. "ताई, मला भीती वाटते. आपण वाढवतोय, की नुसती इथून तिथे हलवतोय? तिथली इथे आणली तर बेरीज तीच राहील."

मी तिच्या हातातून दुर्बीण घेतली आणि पुन्हा पायांतली कडी शोधू लागले.

मे महिन्यात अरबी समुद्रात वादळ उठलं. ते आमच्याकडे आलं नाही, लांबून वर सरकत गेलं. पण समुद्र असा खवळला, की मांडवीच्या जेटीवरून लाटा पलीकडे पडत होत्या. खडक दिसतच नव्हता. तिथे फक्त मधून मधून पांढरं काहीतरी वर उडायचं. अंडी फुटून पिल्लं झाली होती, उडायला अजून अवकाश होता. मुलगी आमच्याकडेच राहायला आली. आम्ही जेटीवर जायचो, उभे राहायचो, परत यायचो. आबा देवापुढे दिवा लावून मुलीच्या शेजारी बसत. नाखव्याचा फोन येई, "अजून नाही, वैनी. मी सांगेन."

त्याने सांगितलं त्या सकाळी समुद्र सपाट झाला होता, पण पाणी अजून गढूळ. खडकावर उतरलो तर कडेला मांडलेली आमची कितीतरी पाखरं नाहीशी झालेली, भोंगा उलटून पडलेला, आडोशाचं कापड फाटून फडफडत होतं. आवाज नव्हता. मुलगी पुढे सरकली. मी तिच्या मागे. कातळाच्या कडेवरून डोकं वर काढलं, आणि तिने माझा हात घट्ट पकडला.

सगळ्यात उंच भागी, जिथे लाट पोचली नव्हती, तिथे एक राखी ठिपक्यांचं घोंगडं पसरलेलं होतं. ते घोंगडं हललं. ती पिल्लं होती, सगळ्यांची सगळी पिल्लं एकमेकांना चिकटून, एकच अंग असल्यासारखी. एकाने दिशा बदलली की सगळी वळत. कडेने मोजकीच मोठी पाखरं राखण करत उभी. बाकीची समुद्रावर.

मग ती परतू लागली, प्रत्येकाच्या चोचीत एक मासा. मला वाटलं, आता ज्याला मिळेल त्याला. तसं झालं नाही. एक आई गर्दीवर आली आणि ओरडली. माझ्या कानाला तो आवाज बाकीच्यांसारखाच. पण त्या शेकड्यांतून एका पिल्लाने मान वर केली, उत्तर दिलं आणि दुसऱ्यांच्या अंगावरून धडपडत पळत बाहेर आलं. तिने त्यालाच भरवलं. मधेच दुसऱ्याने तोंड घातलं तर त्याला टोच मारून हाकललं. मग दुसरी आई आली, तिचं पिल्लू आलं. मी बघत राहिले. इतक्या गलक्यात, इतक्या सारख्या दिसणाऱ्या जिवांत, कोणीही कोणाला चुकत नव्हतं.

दक्षिणेकडची बातमी दोन दिवसांनी आली. तिथली बुटकी बाजू धुऊन निघाली होती. उंच बाजूची तेवढी वाचली. मुलगी पडवीत साच्यांच्या मधे खाली बसली आणि रडली. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बाय, जी इथं आली तेवढी तरी उरली ना. सगळी तिथंच असती तर?" डोळे पुसून ती म्हणाली, "हो आबा. मी विचारत होते त्याचं हेच उत्तर असावं."

त्या वर्षी पिल्लं उडाली. एका सकाळी गेलो तर खडकावर फक्त आमची उरलेली पाखरं होती. आणि खडक वरून पांढरा झाला होता.

गणपतीच्या घाईत, पडवीत पाय ठेवायला जागा नसताना, मुलीचा फोन आला. त्या वेगळ्या कड्याचं उत्तर मिळालं होतं. तो पक्षी आखाताच्या तोंडाशी, अरबांच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर जन्मला होता. तिथल्या लोकांनी पिल्लू असताना त्याच्या पायात कडं घातलं होतं. आणि त्याने घर केलं ते आमच्या खडकावर.

नाखवा तेव्हा आपल्या घराशेजारच्या कोणासाठी तरी मूर्ती न्यायला टेम्पो घेऊन आला होता. मी त्याला सांगितलं. तो पाटावर बसला. "ते बेट मी बघितलंय वैनी," तो म्हणाला. "बोट त्याच्या बाजूनेच जायची. पाखरांनी झाकलेलं असायचं. मी डेकवर उभा राहून बघायचो आणि म्हणायचो, यांना बरंय, यांना कुठे जायचं नाही." मग म्हणाला, "आमच्या गावची अर्धी माणसं इथून तिकडे गेली. आणि हा तिकडून इथे आला, बिऱ्हाड करायला. अल्ला, काय तरी दुनिया आहे."

मी गणपतीचा डोळा आखत होते. हात थांबवला. सगळा समुद्र ओलांडून ते पाखरू आलं असेल, रिकाम्या पाण्यावरून दिवसचे दिवस, आणि मग खाली एका खडकावर त्याला आपली माणसं बसलेली दिसली असतील. त्यातली काही मी रंगवलेली.

तिसऱ्या वर्षी आबांचे गुडघे अगदीच गेले. ते घरीच थांबले. आम्ही थोडीच पाखरं मांडली, भोंगा लावलाच नाही. काही सुरय आले, पण आदल्या वर्षीइतके नाहीत. मला वाईट वाटलं. मुलगी मात्र दुर्बीण घेऊन उत्तरेकडे बघत होती. नाखव्याला म्हणाली, "तिकडे घ्या जरा."

उत्तरेला आणखी एक खडक आहे, लहानसा, कोणी नावही न घेणारा. आम्ही तिथे कधी गेलो नव्हतो, एक पाखरूही ठेवलं नव्हतं. जवळ गेलो तर त्याचा माथा भरलेला होता. सगळी खरी. नवीन कडी, जुनी कडी, बिनकड्याची.

"आपल्याला सोडून इथे आली?" मी म्हणाले.

"आपल्या खडकावरही आहेत, दक्षिणेलाही आहेत, आणि आता इथे," ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "ताई, एक बुडला तर दोन राहतील. मला हेच हवं होतं."

घरी येऊन आबांना सांगितलं तेव्हा ते आधी रुसले. "एवढी पाखरं केली आपण, आणि ती तिसरीकडेच गेली." मग म्हणाले, "जाऊ देत. पोरं बापाच्याच घरात राहतात असं कुठं हाय."

मी मात्र त्या उत्तरेच्या खडकापाशी जे बघितलं ते त्यांना धड सांगू शकले नाही. नाखव्याने इंजिन बंद केलं होतं. पाखरांचा गलका एवढा, की आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. आणि अचानक, काही कारण नसताना, तो थांबला. एकदम सगळ्यांचा. कधी कधी असं होतं, का होतं ते कोणाला पुरतं माहीत नाही, असं मुलीने नंतर सांगितलं. त्या शांततेत खडकाचा माथा उचलला गेला. सगळी पाखरं एकाच क्षणी उठली आणि एकही आवाज न करता, कड्यावरून खाली झेपावत पाण्याला लागून आमच्याकडे आली. होडीच्या दोन्ही अंगांनी, आमच्या डोक्यांवरून. हजारो पंखांचा वारा माझ्या तोंडावर आला, त्यात मासळीचा, मिठाचा, उन्हाचा वास. नाखव्याने डोक्यावरची टोपी हाताने दाबून धरली. मी डोळे मिटले नाहीत. ती आमच्या मागे समुद्रावर गेली, एक मोठं वळण घेतलं, आणि मग पुन्हा ओरडू लागली आणि एकेक करत परत खडकावर उतरू लागली.